पाठ्यपुस्तकातलं पान बदलण्याचा हक्क : नर्सिंगच्या अध्यापकांना खुलं पत्र

नर्सिंग शिकवणाऱ्या माझ्या सर्व सहकाऱ्यांना सप्रेम नमस्कार. हे पत्र मुक्त शैक्षणिक संसाधनांविषयी आहे, म्हणजे जे वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची परवानगी लेखकाने आधीच देऊन ठेवलेली असते अशा शिक्षणसाहित्याविषयी.

प्रसूतिपरिचर्या शिकवताना पार्टोग्राफचा, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवण्याच्या आलेखाचा, तास कुणालाच चुकत नाही. गर्भाशयमुख चार सेंटीमीटर उघडलं की सक्रिय अवस्था (प्रसूती वेगाने पुढे सरकण्याचा टप्पा) सुरू झाली असं धरायचं, तिथून तासाला एक सेंटीमीटर या हिशेबाने इशाऱ्याची अलर्ट लाइन आखायची, तिच्या उजवीकडे चार तासांवर हस्तक्षेपाची अ‍ॅक्शन लाइन, आणि नोंदींची रेघ उजवीकडे सरकू लागली की डॉक्टरांना कळवायचं. आपण हेच शिकलो आणि हेच शिकवत आलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळातल्या काळजीविषयी नव्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत सक्रिय अवस्थेची सुरुवात पाच सेंटीमीटरपासून धरली आहे. तासाला एक सेंटीमीटर हा वेग काही स्त्रियांच्या बाबतीत अवाजवी ठरतो, केवळ तेवढ्यावरून हस्तक्षेप करू नये, असंही त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. २०२० मध्ये या शिफारशींवर आधारलेला ‘लेबर केअर गाइड’ हा नवा तक्ता आला. त्यात ती तिरकी रेषाच उरली नाही. प्रत्येक सेंटीमीटरसाठी वेगळी कालमर्यादा आली. सोबतीला कुणी आहे का, वेदना कमी करण्यासाठी काही केलं का, तोंडाने पातळ पदार्थ घेतले का, बाई कोणत्या शारीरिक स्थितीत आहे, यांच्याही नोंदी आल्या.

आता वर्गात उघडलेल्या पुस्तकाकडे पाहा. ते २०१८ च्या आधीचं असेल, किंवा नंतरच्या आवृत्तीतही हे प्रकरण जसंच्या तसं राहिलं असेल, तर विद्यार्थिनी लेबर रूममध्ये चार सेंटीमीटरला घड्याळ लावून बसणार. ती सगळं पुस्तकाबरहुकूम करेल, आणि त्यामुळेच एखाद्या निरोगी बाईच्या केसपेपरवर ‘प्रगती मंदावली’ हा शेरा वेळेआधी पडेल. पुढे कळा वाढवणारी ऑक्सिटोसिनची ड्रिप, कधी सिझेरियनही. यात त्या विद्यार्थिनीची काहीच चूक नाही.

अशी पानं आपल्या विषयात पुष्कळ आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये सीपीआरचा (हृदय थांबलेल्या माणसाला द्यायच्या तातडीच्या उपचाराचा) क्रम बदलून छातीवरचा दाब पहिला केला, आणि २०१५ मध्ये मोठ्या माणसासाठी दाबाची खोली पाच ते सहा सेंटीमीटर अशी बांधून दिली. बेडसोरच्या (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांच्या) अवस्थांच्या व्याख्या २०१६ मध्ये सुधारल्या गेल्या. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न बांधता किमान एक मिनिट थांबावं, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये पक्की केली. यातलं प्रत्येक ज्ञान विद्यार्थ्याच्या हातातून थेट रुग्णाच्या शरीरापर्यंत जातं. इतर कित्येक शाखांमध्ये जुनं पुस्तक वाचलं तर परीक्षेतले दोन गुण जातात. आपल्याकडे हिशेब तिथे संपत नाही.

मग आपण काय करतो? वर्गात उभं राहून सांगतो, ‘हा परिच्छेद खोडा, बाजूला हे लिहून घ्या.’ हजर असलेले लिहून घेतात. क्लिनिकल पोस्टिंगवर गेलेले, आजारी असलेले, मागच्या बाकावर नीट ऐकू न आलेले, यांच्या पुस्तकात जुनंच राहतं. पुढच्या बॅचला ती दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. शिकवणारी व्यक्ती बदलली तर दुरुस्तीच राहून जाते. तोंडी दुरुस्तीला आयुष्य फार थोडं. आणि ते प्रकरणच नीट लिहून, नव्या तक्त्यासह सर्वांना वाटावं म्हटलं, तर कॉपीराइट आडवा येतो. दुसऱ्याच्या पुस्तकाचं प्रकरण बदलून आपल्या नावाने वाटण्याची परवानगी आपल्याला नसते.

मुक्त शैक्षणिक संसाधनांचा मुद्दा मी तुमच्यापुढे मांडते आहे तो या जागेवरून. ती मोफत असतात ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण नर्सिंगच्या अध्यापकाला त्यांच्यात मिळणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पान बदलण्याचा कायदेशीर हक्क. तो आजवर आपल्याकडे नव्हता. आता आहे, आणि आपल्यातले फार थोडे तो वापरत आहेत.

थोडं मूळ सांगते, कारण ‘इंटरनेटवर मोफत मिळतं ते सगळं मुक्त’ असा समज अजून पक्का आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सर्वांसाठी खुलं करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. पुढच्याच वर्षी युनेस्कोने पॅरिसमध्ये घेतलेल्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा ठरली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचे, साहित्य वापरण्याच्या अटी सांगणारे पहिले परवाने आले. २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने याविषयीची शिफारस स्वीकारली. या सगळ्याचं सार असं की, साहित्याचा लेखक स्वतःहून, आधीच आणि लेखी परवानगी देऊन ठेवतो. ते साहित्य जवळ ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्या साहित्यात मिसळा, पुढे वाटा. प्रत्येक वेळी पत्र लिहून विचारायला नको.

परवान्यांची अक्षरं मात्र नीट वाचायची सवय लावून घ्या. ‘सीसी बाय’ म्हणजे श्रेय द्या, बाकी मोकळीक. ‘एसए’ जोडलेलं असेल तर तुमचं बदललेलं साहित्यही त्याच अटींवर खुलं ठेवायचं. ‘एनसी’ म्हणजे व्यापारासाठी नको. ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटायला मनाई. शेवटची अट असलेलं साहित्य वाचायला द्या, दुवा पाठवा, हरकत नाही. पण पान बदलण्याचा हक्क त्यात नसल्यामुळे माझ्या लेखी ते मुक्त संसाधन नव्हे. स्टॅटपर्ल्सचे वैद्यकीय लेख आपल्यातले कितीतरी जण वापरतात. ते वाचायला मोफत आहेत, पण त्यांचा परवाना बदल करू देत नाही. याउलट जागतिक आरोग्य संघटनेची प्रकाशनं २०१६ च्या अखेरीपासून साधारणपणे अशा परवान्याखाली येतात, की बिगरव्यापारी कामासाठी त्यांचं रूपांतर आणि भाषांतर करता येतं. श्रेय द्यायचं, तोच परवाना ठेवायचा, आणि भाषांतर केलं असेल तर ते संघटनेने केलेलं नाही, त्याच्या अचूकतेची जबाबदारी संघटनेची नाही, असा खुलासा छापायचा. म्हणजे प्रसूतीचा तो नवा तक्ता आणि त्यामागच्या शिफारशी तुम्ही आपल्या हँडआऊटमध्ये सरळ घेऊ शकता. आपल्या विद्यार्थ्यांना समजेल अशी उदाहरणं त्याला जोडू शकता. विद्यार्थी एका भाषेत शिकतात आणि रुग्ण दुसऱ्या भाषेत दुखणं सांगतो अशा ठिकाणी तर हा भाषांतराचा हक्क फार मोलाचा आहे.

तयार साहित्य कितपत आहे, ही शंका रास्त आहे. दहा वर्षांपूर्वी या शंकेला उत्तर देणं अवघड गेलं असतं. आज तसं नाही. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या प्रकल्पाचं शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक २०१३ पासून उपलब्ध आहे. अलीकडे त्यांनी खास नर्सिंगसाठी आठ पुस्तकं काढली : मूलभूत परिचर्या, क्लिनिकल कौशल्यं, मेडिकल-सर्जिकल, माता आणि नवजात, मानसिक आरोग्य, औषधशास्त्र, आहारशास्त्र आणि लोकसंख्येचं आरोग्य. म्हणजे बहुतेक अभ्यासक्रमांचा कणाच झाला. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात चिपेवा व्हॅली टेक्निकल कॉलेजने ओपन आरएन नावाचा प्रकल्प सरकारी अनुदानातून उभा केला. तिथल्या तंत्रमहाविद्यालयांच्या नर्सिंग अध्यापकांनी मूलभूत परिचर्या, कौशल्यं, औषधशास्त्र, मानसिक आरोग्य आणि व्यवस्थापन या विषयांची पुस्तकं लिहिली, जोडीला सरावासाठी आभासी प्रसंगही तयार केले. ही पुस्तकं अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या बुकशेल्फ या ऑनलाइन संग्रहातही वाचता येतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या दोन नर्सिंग-अध्यापिकांनी २०१५ मध्ये क्लिनिकल प्रोसिजर्सचं मुक्त पुस्तक लिहिलं. ड्रेसिंग, कॅथेटर, औषध देणं, रक्त चढवणं, सगळं पायरी-पायरीने, आणि प्रत्येक पायरीशेजारी तिचं कारण.

या पुस्तकांचं पुढे काय झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅनडातलं प्रोसिजर्सचं पुस्तक थॉम्पसन रिव्हर्स विद्यापीठाने घेतलं आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी त्याची वेगळी आवृत्ती केली. ओपनस्टॅक्सचं शरीररचनेचं पुस्तक ओरेगन स्टेट विद्यापीठाने घेतलं, मजकूर आणि आकृत्यांवर पुन्हा काम केलं आणि २०१९ मध्ये आपली आवृत्ती पुन्हा सर्वांसाठी खुली केली. पहिल्यापासून काही लिहावं लागलं नाही, आणि दुसऱ्याचं चोरलंही नाही. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सुधारत जातं, हे प्रत्यक्ष घडलेलं आहे.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. यातलं बरंचसं साहित्य उत्तर अमेरिकेत तयार झालंय. त्यात पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, अ‍ॅड्रिनलिनला एपिनेफ्रिन, सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. तापमान पुष्कळदा फॅरनहाइटमध्ये, वजन पाउंडांत. नर्सने कायद्याने काय करावं आणि काय करू नये, याची प्रकरणं त्या-त्या राज्याच्या नियमांवर उभी आहेत. हे जसंच्या तसं विद्यार्थ्यांच्या हाती दिलं तर गोंधळ होईल, आणि औषधांच्या नावातला गोंधळ किती महाग पडतो हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून मुक्त पुस्तक ‘लावणं’ आणि मुक्त पुस्तक ‘आपलं करून घेणं’ यांत मी फरक करते. आपल्याला दुसरं करायचं आहे. नावं बदला, एककं बदला, कायद्याचं प्रकरण काढून टाका आणि तिथे आपल्या नर्सिंग परिषदेचे नियम घाला. बंद पुस्तकात यातलं काहीच करता येत नाही, आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच देशासाठी लिहिलेली असतात.

आता त्वचेबद्दल बोलू. मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारा मुद्दा हाच आहे.

बेडसोरची पहिली अवस्था कशी ओळखायची? पुस्तकं सांगतात, त्वचा लाल दिसते आणि दाबली तरी पांढरी पडत नाही. सायनोसिस (रक्तात प्राणवायू कमी पडल्याने येणारा निळसरपणा) कसा ओळखायचा? ओठ निळसर दिसतात. अ‍ॅनिमिया? चेहरा फिकट. सोबतचे फोटो बहुधा गोऱ्या कातडीचे. जगातली बहुसंख्य माणसं गोरी नाहीत, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर पहिल्या अवस्थेतली लाली दिसेलच याचा भरवसा नसतो. तिथे शेजारच्या भागाशी तुलना करून स्पर्शाने पाहावं लागतं : जागा जास्त गरम किंवा थंड लागते का, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का, सूज आहे का, तिथे दुखतं का. सायनोसिससाठी तोंडाच्या आतलं आवरण, जीभ, पापणीच्या आतली बाजू पाहायला शिकवावं लागतं. फोटोवर शिकलेला विद्यार्थी वॉर्डात लाली शोधत राहतो, त्याला ती दिसत नाही, आणि तो चार्टवर लिहितो : त्वचा अखंड. दोन दिवसांनी तिथे जखम उघडलेली असते.

यंत्रही याला अपवाद नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या संशोधकांचं एक निरीक्षण छापून आलं. पल्स ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं, गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के. ज्या पुस्तकात हे नाही त्या पुस्तकावर शिकलेली नर्स स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढच्या बेडकडे जाईल. रुग्णाचा श्वास मोजा, तो किती कष्टाने श्वास घेतो आहे ते पाहा, आकडा आणि रुग्ण यांचा मेळ बसत नसेल तर एबीजीचा (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा) आग्रह धरा, हे त्या नर्सला कुणीतरी लिहून द्यायला हवं. ते लिहून देण्यासाठी पुढच्या आवृत्तीची वाट का पाहायची? मुक्त प्रकरणात तुम्ही हा परिच्छेद या आठवड्यात घालू शकता. योग्य संमतीने घेतलेले सावळ्या त्वचेचे फोटो घालू शकता. २०२० मध्येच लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने आपल्या अध्यापकांना सोबत घेऊन काळ्या आणि गव्हाळ त्वचेवरच्या लक्षणांची मोफत पुस्तिका तयार केली. एका विद्यार्थ्याला प्रश्न पडला आणि अध्यापकांनी त्याला साथ दिली. आपल्या प्रत्येक वर्गात असा प्रश्न विचारणारं कुणीतरी असतंच.

पैशांबद्दल थोडक्यात. नर्सिंगचे विद्यार्थी पुस्तकांशिवाय गणवेश, बूट, स्टेथोस्कोप, प्रात्यक्षिकाचं साहित्य, पोस्टिंगला जाण्या-येण्याचा खर्च, सगळंच सोसतात. ज्याला परवडत नाही तो जुनी आवृत्ती घेतो किंवा ग्रुपवर फिरणारी स्कॅन केलेली पीडीएफ वाचतो, जिच्यावर आवृत्तीचं पानही नसतं. म्हणजे ज्याला परवडत नाही तोच सर्वांत जुनं ज्ञान घेऊन वॉर्डात जातो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात २१,८२२ विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुक्त पुस्तकं लावल्यानंतर गुण सुधारले आणि नापास होणाऱ्यांचं किंवा विषय सोडणाऱ्यांचं प्रमाण घटलं, आणि आर्थिक मदतीवर शिकणाऱ्यांना व अर्धवेळ शिकणाऱ्यांना त्याचा अधिक लाभ झाला. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात निष्कर्ष थोडा सावध होता : शिकण्याच्या परिणामात बंद आणि मुक्त पुस्तकांत फरक नाही, पण मुक्त पुस्तक असलेल्या विषयांतून मध्येच बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण कमी. हे अभ्यास खास नर्सिंगचे नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण ‘मोफत म्हणजे निकृष्ट’ हा आक्षेप त्यांच्यापुढे टिकत नाही, एवढं नक्की. परिचारिकांची जगभरातली कमतरता २०१८ साली ५९ लाख होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुस्तक नाही म्हणून शिक्षण सोडणारा एकही विद्यार्थी या हिशेबात परवडणारा नाही.

तुमच्या आक्षेपांपैकी मला सगळ्यांत वजनदार वाटतो तो असा : ‘कुणीही बदल करू शकतो म्हणजे कुणीही डोस चुकीचा लिहू शकतो.’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर काय होतं, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवतो. त्याचं उत्तरही आपल्याच कामात आहे. वॉर्डात इन्सुलिन किंवा हेपरिन देताना आपण दुसऱ्या नर्सकडून स्वतंत्रपणे तपासून घेतो, आणि दोघींच्या सह्या पडतात. बदललेल्या प्रकरणालाही तोच नियम लावा. एकीने बदल करायचा, दुसरीने मूळ मार्गदर्शक सूचना उघडून स्वतंत्रपणे ताडून पाहायचा, औषध असेल तर फार्मसीच्या सहकाऱ्याची नजर घालायची. पहिल्या पानावर लिहायचं : कोणत्या आवृत्तीवरून घेतलं, काय बदललं, कधी बदललं, कुणी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. छापील पुस्तकांतही डोसच्या चुका राहतात. फरक इतकाच की तिथे चूक सापडल्यावर आपल्या हाती काही नसतं.

‘वेळ कुठे आहे?’ हा दुसरा प्रश्न. वर्ग, स्किल लॅब, पोस्टिंगवरची देखरेख, जर्नल तपासणं, परीक्षा, आणि वर कागदपत्रं. हे सगळं सांभाळून संपूर्ण विषयाचं पुस्तक नव्याने रचा असं सांगणाऱ्याचं तुम्ही ऐकू नका. पण आपण पीपीटी तर करतोच. दरवर्षी करतो, रात्री जागून करतो, आणि शेजारच्या कॉलेजातली अध्यापिकाही त्याच विषयावर तशीच जागत असते. तेच श्रम एका मुक्त प्रकरणावर पडले तर पुढच्या वर्षी तुम्हाला दुरुस्तीपुरतंच बसावं लागेल आणि तिला तेवढंही नाही.

तिसरी अडचण खरी आहे, आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मोठे प्रकाशक पुस्तकासोबत प्रश्नसंच, स्लाइड्स, व्हिडिओ, गुण देणारी संगणकप्रणाली असं सगळं बांधून देतात. मुक्त पुस्तकांसोबत काही प्रमाणात हे मिळतं, पण तितकं सलग नाही. प्रश्नसंच उघड्यावर ठेवले तर परीक्षेत निरुपयोगी होतात, हेही आहेच. यावर एकच व्यवहार्य मार्ग मला दिसतो. काही महाविद्यालयांच्या अध्यापकांनी मिळून प्रसंगाधारित प्रश्न लिहावेत, ते अध्यापकांपुरते ठेवावेत, आणि दर परीक्षेनंतर कोणता प्रश्न कसा चालला याची नोंद एकमेकांना द्यावी. नर्स म्हणून काम करण्याचा परवाना देणाऱ्या परीक्षा आता पाठांतरापेक्षा क्लिनिकल निर्णयाकडे वळत आहेत, त्यामुळे जुने प्रश्नसंच तसेही बदलावे लागणारच.

प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना इथे एक विनंती. शोधनिबंध आणि छापील पुस्तकातलं प्रकरण यांना बढतीच्या वेळी गुण मिळतात. मुक्त प्रकरण लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या अध्यापकालाही ते मिळू द्या. युनेस्कोच्या २०१९ च्या शिफारशीत शिक्षकांची क्षमता वाढवणं आणि त्यांना पाठबळ देणारी धोरणं आखणं, दोन्ही सांगितलेलं आहे. ग्रंथपालांना या कामात सुरुवातीपासून घ्या. परवान्यांची अक्षरं आपल्यापेक्षा त्यांना जास्त चांगली कळतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

विद्यार्थ्यांच्या कामाबद्दलही बोलायला हवं. ते तीन-चार वर्षांत केअर प्लॅन, आरोग्यशिक्षणाचे तक्ते, केस स्टडी यांचे ढीग लिहितात. आपण लाल शाईने तपासतो, गुण देतो, आणि ते सगळं कपाटात जातं, मग रद्दीत. त्याऐवजी एका गटाने मधुमेही रुग्णासाठी पायांच्या काळजीचं पत्रक लिहावं, पुढच्या बॅचने ते रुग्णांना वाचून दाखवून कुठे कळत नाही ते पाहावं आणि सुधारावं. विद्यार्थ्याला स्वतःचं नाव असलेलं, खरोखर वापरात असलेलं काही मागे ठेवता येतं. मात्र नाव द्यायचं की नाही आणि परवाना कोणता, हे त्याने ठरवायचं. गुणांच्या धाकाने कुणाचंही काम खुलं करून घेऊ नये.

आणि रुग्ण. इथे मी कोणतीही सवलत मागत नाही, देतही नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. फोटो एकदा बाहेर गेला की तो जगभर, कायमचा. रुग्णालयाच्या केसपेपरसाठी घेतलेली संमती याला पुरत नाही. मुक्त प्रकाशनासाठी वेगळी, लेखी, रुग्णाच्या भाषेत समजावून घेतलेली संमती लागते, आणि ‘नाही’ म्हटलं तर उपचारात काहीही फरक पडणार नाही हे त्याला खात्रीने वाटायला हवं. चेहरा, गोंदण, बेडचा क्रमांक, दुर्मिळ आजार आणि गावाचं नाव एकत्र येणं, यांवरूनही माणूस ओळखता येतो. शंका असेल तिथे फोटो घेऊच नका, आकृती काढा किंवा मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) दाखवा. केस स्टडीतली माणसं रचलेली असू द्या.

तुमच्याकडे माझं मागणं असं आहे. येत्या सत्रात एकच प्रकरण निवडा. तुम्ही दरवर्षी वर्गात तोंडी सर्वांत जास्त दुरुस्त करता, ते. त्या विषयाचं मुक्त प्रकरण शोधा, परवाना पाहा, आणि सध्याच्या पुस्तकातल्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचा. मुक्त प्रकरण कमी पडलं तर ते सोडून द्या, दुसरं घ्या. कोणतंही पुस्तक केवळ मुक्त आहे म्हणून लावावं असं मी म्हणणार नाही. पसंत पडलं तर आवश्यक तेवढेच बदल करा, सहकाऱ्याकडून तपासून घ्या, शीर्षक, लेखक, मूळ ठिकाण आणि परवाना या चार गोष्टी लिहा, काय बदललं ते लिहा. फाइल अशा स्वरूपात ठेवा की ती साध्या मोबाइलवर उघडेल, इंटरनेट नसताना वाचता येईल, आणि छापून हवी असेल तर छापता येईल. चित्रांना शब्दांत वर्णन जोडा, म्हणजे दृष्टी कमी असलेल्या विद्यार्थ्यालाही ते वाचून घेता येईल. आणि दुसऱ्या कुणाला तुमच्या प्रकरणात भर घालायची असेल तर बदलता येईल अशी मूळ फाइल द्या, नुसती पीडीएफ देऊ नका.

वर्गात ते प्रकरण वापरताना विद्यार्थ्यांना सांगा की यात चूक सापडली तर ती आपण दुरुस्त करू शकतो. ते शोधतील. चूक मूळ पुस्तकातली असेल तर मूळ प्रकल्पालाही कळवा. ओपनस्टॅक्सकडे त्यासाठी वेगळी सोय आहे, आलेल्या सूचना तपासून पुस्तकात दुरुस्ती केली जाते. ते पत्र विद्यार्थ्यांनाच लिहू द्या, मार्गदर्शक सूचनेचा हवाला त्यांनाच शोधू द्या, तुम्ही फक्त पाठवण्याआधी वाचा.

तुमची,
एक नर्सिंग-अध्यापिका